मासोळीनं मागं पाह्यलं का

पडद्यावरची मासोळी नदीत उतरली, आणि नेमकं तेव्हाच सत्यवतीच्या ध्यानात आलं की तंबूतल्या जनान्यातली भोवतालची एकही बाई पडद्याकडे पाहत नाही. सगळ्या तिच्याकडे पाहत होत्या. आधी वाटलं, भास होतोय. पण पडद्याचा निळसर उजेड एरवी बायकांच्या अख्ख्या तोंडावर पडायचा, तो आता एकेका गालावरच पडला होता. म्हणजे माना वळल्या होत्या, यात शंका नव्हती. पुढच्या सतरंजीवरची चंद्रभागाबाई, शेजारच्याच घरातली, बिड्या वळता वळता दिवसभर कुडापलीकडून बोलत राहणारी, ती तर पडद्याला पाठ करून सत्यवतीसमोर चक्क मांडी घालून बसली होती. सासू तेवढी वळली नव्हती. शकुनबाईनं तोंड पडद्याकडेच ठेवून सत्यवतीचं मनगट धरलं होतं. हात थोपटत नव्हता, काही सांगत नव्हता, नुसता धरून होता. सत्यवतीनं डोळे खाली घातले. सतरंजीची उसवलेली कड, तिच्याखाली अंथरलेली धानाची तणस, शेंगांची टरफलं, मांडीवर झोपलेल्या लेकीचा, चंदाचा, उघडा पाय. वर पाहायचा धीर झाला तोवर पडद्यावर नुसतं पाणी उरलं होतं आणि पाण्यावर अक्षरं डुलत होती. कनातीच्या पलीकडच्या अंगाला, पुरुषांत, आरडाओरड सुरू झाली होती.

सिनेमाचं खरं नाव मोहाडीत कोणी घेतलं नाही. सगळे 'मासोळीवाला' म्हणत. धान घरात आलं, मळणी उरकली की बाजाराच्या मैदानात भय्याजींची टुरिंग टॉकीज उतरायची. तंबू, मधोमध कनात, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायकालेकरं. रिक्षाला भोंगा बांधून माणूस गल्लोगल्ली ओरडत फिरला होता, सहकुटुंब सहपरिवार पाहा, लेकरं आणा, म्हातारी माणसं आणा, घराघराचा सिनेमा. आणि होताही तसाच. एका भल्या घरच्या मुलाच्या जाळ्यात मासोळी येते, कमरेच्या वर बाई आणि खाली मासा. तो तिला घरी आणतो. वाहत्या पाण्याला शिवली नाही तर तिला माणसासारखे पाय राहतात, म्हणून घरचे तिला रांजणातलं पाणी देतात, नदीच्या वाटेवर एकटीला जाऊ देत नाहीत, आणि जीव लावतात हो, अगदी खरा जीव लावतात. गमतीही पुष्कळ. घरातलं मांजर दिवसभर तिच्या मागं मागं फिरतं, तेव्हा पोरं हसून तणसीवर लोळली. सासऱ्याच्या ताटात माशाचा रस्सा वाढताना ती डोळे मिटून घेते, तेव्हा शकुनबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. मग लेकरू होतं, लेकराचा वाढदिवस होतो, सगळे ओवाळतात, सगळे रांगेत उभे राहून हसतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी बोललेलं नाही, कोणी मारलेलं नाही, मासोळी उठते आणि नदीकडे चालू लागते. लेकरू काठावरून हाका मारतं. ती पाण्यात उतरते. झालं, संपलं.

पुरुषांनी पडद्यावर खडे मारले. एकाची चप्पल कनातीवरून जनान्यात येऊन पडली. "लेकरू टाकून गेली, अन् आमाले सहपरिवार दाखवून राहिले का बे?" असं कोणीतरी ओरडलं आणि त्यावर शिट्ट्या झाल्या. भय्याजी धंद्यातला माणूस. गिऱ्हाईक नाराज तर दुकान बंद, एवढं त्याला कळत होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं शेवटचं रीळ डब्यातच ठेवायला सांगितलं. वाढदिवस झाला, सगळे रांगेत उभे राहून हसले, की काचेवर रंगानं लिहिलेलं 'समाप्त' पडद्यावर टाकायचं आणि दिवे लावायचे. मासोळी घरातच राहिली. गावोगाव असंच करत असे म्हणतात तो. रडवणारा शेवट चालत नसेल तर शेवट काढायचा, मारामारी आवडली तर तीच दोनदा दाखवायची. लोक खूश, भय्याजी खूश. पहिल्या दिवशी जे गेले होते तेवढ्यांनाच माहीत होतं की ती गेली होती. त्यांचंही पुढं पुढं कोणी ऐकेना.

जनान्यातल्या बायका का वळल्या हे सत्यवतीला कोणी सांगायला नको होतं. तिची माय, रुखमिणी, दिघोरीहून लाखांदूरच्या बाजाराला म्हणून गेली ती आलीच नाही. सत्यवती तेव्हा चार वर्षांची. कोणी म्हणे बिडी कारखान्याच्या मुनशीसोबत गेली, कोणी म्हणे नागपुरात दिसली, कोणी म्हणे तुमसरकडे मॅंगनीजच्या खदानीवर डोक्यावर पाटी घेताना पाहिली. बाप परसराम, साधा माणूस, एकदा शोधायला गेला, आणि परत आल्यावर त्यानं तो विषयच काढला नाही. आत्या मंगलाबाईनं पोर वाढवली. तिकडे रीत अशी, की बाजाराला जाणाऱ्या बाईनं मागं वळून पाहायचं नाही. पाहिलं की लेकरू मागं लागतं. आणि घरात राहणारीनं लेकराचं तोंड पदरात धरून ठेवायचं, जाणारी पाळीवरून दिसेनाशी होईतो. पाळ म्हणजे तलावाचा बांध, गावातून बाहेर पडायची तीच वाट. त्या दिवशीही मंगलाबाईनं रोजच्यासारखं सत्यवतीचं तोंड पदरात धरलं होतं. त्या पदराला लसणाचा आणि चुलीच्या धुराचा वास होता. आत अंधार होता, गरम होतं, नाक दबलं होतं. तिनं हाका मारल्या होत्या, पण त्या पदरातच राहिल्या असणार. तोंड सुटलं तेव्हा पाळ रिकामी होती. आज पंचविसाव्या वर्षी तिला मायचा चेहरा आठवत नाही, आवाज आठवत नाही. लसणाचा वास तेवढा पक्का आठवतो. मायनं पाळीवरून एकदा तरी मागं पाहिलं होतं का, हे तिनं आत्याला कधी विचारलं नाही. आत्या मेली तेव्हा वाटलं, आता विचारायचं राहूनच गेलं. मग संसारात तेही विसरल्यासारखं झालं होतं. आणि आता मासोळी नदीत उतरताना पाहायला बसावं, तर बायकांच्या नजरांनी पुन्हा मान खाली घालायला लावली. दोन्ही वेळा तेवढंच हुकलं. जे पाहायचं तेवढंच.

लग्न जमवताना शकुनबाईनं सगळं तपासलं होतं आणि सगळं ठाऊक असून केलं होतं, हे तिचं मोठेपण. चारचौघींत ती ते सांगायचीही. "खाण तशी माती म्हणतात," ती म्हणायची, "पर माती आपन कशी मळतो थेही हाये न." म्हणजे मळणं चालू होतं. मोहाडीतलं घर बरं होतं, नवऱ्याचं, टिकारामचं, किराणा दुकान तहसील कचेरीच्या रस्त्यावर, दोन वेळचं पोटभर, हात उगारणं नाही, शिवी नाही. फक्त सत्यवती एकटी कुठं गेली नव्हती. विहिरीवर गेली तर चंद्रभागाबाई, बाजारात गेली तर सासू, दिघोरीला गेली तर टिकाराम दुकान बंद करून सोबत, आणि दुसऱ्याच दिवशी परत. दळणाचा डबा घेऊन चक्कीपर्यंत जायचं तरी "थांब, मी येतो" असं कोणीतरी म्हणायचंच. प्रेमानं म्हणायचं. तिला याचं दुःख आहे असं तिलाही कधी वाटलं नव्हतं. सासूला ती आई म्हणे. तो शब्द तोंडात नवा होता, त्यामुळे जड गेला नाही. 'माय' हा शब्द मात्र तिनं चार वर्षांची असताना टाकला होता, आणि चंदानं तो आपणहून उचलला. चंदानं पहिल्यांदा माय म्हटलं तेव्हा सत्यवतीच्या अंगावर काटा आला होता. आता चंदाही चार वर्षांची होती.

सिनेमाच्या दुसऱ्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. तांदूळ निवडताना, भांडी घासताना, टिकारामच्या ताटात वाढताना, एकच. मासोळीनं मागं पाहिलं का? वेडेपणाच की. सिनेमातली बाई, पैसे घेऊन नदीत उतरलेली नटी, तिनं पाहिलं काय आणि नाही काय. सत्यवती स्वतःलाच बजावी आणि पुन्हा तिथंच येई. उघड विचारायची तर सोय नव्हती. हिला कशाला पंचाईत, असं झालं असतं. म्हणून तिनं आडून विचारलं. चंद्रभागाबाई सुपात तेंदूपत्ता घेऊन अंगणात बसली होती, तिच्याशेजारी जाऊन तिनं पानं कापायला घेतली आणि म्हणाली, "काकी, तुमी तं पहिल्या दिवशीचा पाह्यला. थे जाताना मागं वळली व्हती म्हणतात."

"वळली न," चंद्रभागाबाई लगेच म्हणाली. "तीनदा वळली. डोये भरून आले व्हते तिचे. मी तं ढसाढसा रडली."

चंद्रभागाबाई पडद्याला पाठ करून बसली होती. तिनं काही पाहिलं नव्हतं, हे सत्यवतीला ठाऊक होतं, आणि सत्यवतीला ते ठाऊक आहे हे चंद्रभागाबाईलाही कळत असावं. पण बाई खोटं बोलत नव्हती. तिची थोरली लेक सासरी जळून मेली होती, सात वर्षं झाली. तिला कोणीतरी मागं वळून पाहिलेलं हवंच होतं. सत्यवतीनं पान कापून सुपात टाकलं आणि पुढं काही विचारलं नाही.

प्राथमिक शाळेच्या मास्तरीण ललिताबाई दुकानात साखर न्यायला आल्या, तेव्हा टिकाराम पुडी बांधेपर्यंत, त्याच्यासोबत दुकानात आलेल्या सत्यवतीनं पुढं होऊन तेच आडून विचारलं. ललिताबाई भंडाऱ्याच्या, शिकलेल्या, एकट्या राहायच्या, आणि त्यांच्या एकटेपणाबद्दल लोक काय काय बोलायचे. त्या म्हणाल्या, "मागं पाहिलं की नाही ते दाखवलंच नाही हो. तिची पाठ होती फक्त. मग एकदम पाणी आलं." मग थांबून म्हणाल्या, "का?" सत्यवती म्हणाली, "काही नाही, आमची चंदा विचारून राहिली." चंदा झोपली होती सिनेमात. ललिताबाईंनी पुडी घेतली, सत्यवतीकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि गेल्या.

सासूला विचारायचा प्रश्नच नव्हता, पण सासू आपणहूनच बोलली. चुलीपुढं बसली होती, सिनेमाची कोणीतरी आठवण काढली आणि ती म्हणाली, "मागं कायले पाहीन? जिले जायाचं रायते थे पायत नाई. पायनारी जात नाई." सत्यवतीला ते आत कुठंतरी लागलं आणि दिवसभर दुखत राहिलं. कारण ते खरं असेल तर मायनं पाहिलं नव्हतं. आणि मायनं पाहिलं असेल, तर पाहून, ऐकून, कळून गेली होती. दोन्हीकडून मरण. कोणतं बरं, हेही तिला ठरवता येईना.

राहिला टिकाराम. जेवण झाल्यावर तो ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. स्वभावानं गरीब माणूस. सत्यवतीनं चंदाचे केस विंचरता विंचरता विचारलं, "तुमी तं पुरुषांत पुढं बसले व्हते. मासोळीनं जाताना मागं पाह्यलं का हो?"

त्यानं हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाला, "खरं सांगू का? मी नाई पाह्यलं." अडकित्ता खाली ठेवून तो पुढं म्हणाला, "कनातीले फट व्हती. मी तुह्याकडे पाहून राह्यलो व्हतो."

चंदाच्या केसांत फणी तशीच राहिली. टिकारामला वाईट वाटलं असावं. तो उठून पाणी प्यायला गेला. सत्यवती बसून राहिली. म्हणजे त्या तंबूत इतकी माणसं होती, आणि मासोळी नदीत उतरताना आपल्या माणसांपैकी, शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी पडद्याकडे धडपणे कोणीच पाहिलं नव्हतं. सगळ्यांना तो प्रसंग सत्यवतीच्या तोंडावर पाहायचा होता. ती रडते का, घाबरते का, की तिच्या डोळ्यांत काही चमकतं. तिनं काय केलं होतं? मान खाली घातली होती. ते प्रत्येकानं आपापल्या परीनं वाचलं असणार. लाजली. ओशाळली. मनात काहीतरी आहे म्हणून लपवलं. ओसरीच्या खांबाला टेकून बसल्या बसल्या तिला गुदमरल्यासारखं झालं, पदरात तोंड दाबलं की होतं तसं, आणि लसणाचा वास आला. चुलीवर फोडणी नव्हती. वास आला मात्र.

टॉकीजचा मुक्काम संपत आला तेव्हा शकुनबाईनं ठरवलं की सगळ्यांनी पुन्हा जायचं. "चांगला केला म्हणतात आता," ती म्हणाली. "सुनंनं पाह्यला पायजे." मग पुन्हा तोच तंबू, तीच तणस, पुन्हा मांजर, पुन्हा हशा. या खेपेला बायका पडद्याकडेच पाहत होत्या, कारण आता भीती नव्हती. सत्यवतीला सगळं आधीच ठाऊक होतं म्हणून तिचं लक्ष भलतीकडे जात होतं. मासोळीच्या पायांकडे. नटीचे पाय चांगले गोरे, टाचेला भेग नाही. त्या पायांना उंबऱ्याच्या बाहेर न्यायचं कोणाच्या हातात आहे, असा विचित्र विचार तिच्या डोक्यात आला. भय्याजीच्या, रीळ लावणाऱ्याच्या, की खडे मारणाऱ्यांच्या. वाढदिवस आला. ओवाळणी झाली. सगळे रांगेत उभे राहिले, मासोळी मधोमध, लेकराच्या खांद्यावर हात, आणि हसली. त्या हसण्यावरच काचेवरचं 'समाप्त' येऊन बसलं. दिवे लागले. बायकांनी सुस्कारे टाकले. कोणी म्हणालं, गोड केला गं शेवट. शकुनबाईनं सत्यवतीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "पाह्यलं? राह्यली न घरी."

"हाव आई," सत्यवती म्हणाली.

घरी येताना वाटेत तिला एवढं कळलं होतं की तो शेवट आपण पाहिल्याशिवाय आपल्याला श्वास घेता यायचा नाही. मासोळी दर खेळाला त्या रांगेत उभी राहून हसत होती, आणि पुढचं सगळं एका डब्यात बंद होतं, बाजाराच्या मैदानात, घरापासून हाकेच्या अंतरावर.

टॉकीज निघाली त्या दिवशी सकाळी शकुनबाई वरच्या आळीत एका बारशाला गेली होती. टिकाराम दुकानात. चंद्रभागाबाई बिड्या द्यायला ठेकेदाराकडे. हे सगळं एकाच वेळी कसं जुळून आलं, कोण जाणे. इतक्या वर्षांत जुळलं नव्हतं. सत्यवतीनं चुलीतली लाकडं मागं ओढली, चंदाला वाटीत मुरमुरे दिले, "बस, मी आलीच" म्हणाली, आणि उंबरा ओलांडला. दार लोटलंही नाही. रस्ता रोजचाच होता, पण शेजारी कोणी चालत नव्हतं, त्यामुळे हात कुठं ठेवावे ते कळेना. तिनं पदर घट्ट धरला. चक्कीचा आवाज, खाटकाच्या फळीवरच्या माशा, तहसील कचेरीच्या मागच्या अंगाला झाडाखाली बसलेले अर्ज लिहिणारे. पहिल्याच वळणावर मागून काहीतरी आलं होतं, आवाज का काय. ती चालत राहिली.

मैदानात तंबू खाली आला होता. बांबू, दोर, घड्या घातलेली कनात ट्रकमध्ये चढत होती. एका बाकड्यावर ऑपरेटर डोमा बसून रीळ उलटं गुंडाळत होता. पन्नाशीचा, एका डोळ्यात मोतीबिंदू झालेला, तोंडात तंबाखू. त्यानं सत्यवतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "गान्याच्या रिळाचे तुकडे पायजे का बाई? संपले. पोट्टे घेऊन गेले."

"मासोळीवाल्याचं शेवटचं रीळ पाह्याचं हाये."

डोमा गुंडाळायचा थांबला. "थे कायले? भय्याजी रागावन. डब्बा उघडाचाच नाई म्हनले."

"कोनाले सांगत नाई मी," सत्यवती म्हणाली. आणि मग, आपण असं बोलू शकतो हे तिला ठाऊकच नव्हतं, ती म्हणाली, "माही माय गेली तवा मले पाहू देलं नाई."

डोमानं तंबाखू थुंकली. तिच्याकडे पुन्हा पाहिलं नाही, यासाठी सत्यवतीला पुढं कायम त्याच्याबद्दल बरं वाटत राहिलं. ट्रकच्या फाळक्यावरून त्यानं एक डबा ओढला, झाकण काढलं, पट्टी सोडवली आणि तिच्या हातात टोक दिलं. "उन्हाकडे धरा. कडेलेच हात लावा. इथं चालून राहिली हाये थे. नदी पुढं हाये, मी सरकवतो."

बोटाच्या पेराएवढ्या चौकटी. एकीखाली एक, एकीखाली एक, आणि प्रत्येकीत तीच बाई, पाठमोरी, वेणी मोकळी. सत्यवतीनं डोळे बारीक केले. एका चौकटीत आणि तिच्याखालच्या चौकटीत फरकच दिसेना. ती चालत असल्यासारखी वाटतच नव्हती. प्रत्येक चौकटीत जागच्या जागी अडकलेली. डोमा पट्टी सरकवत होता. मग काठावरचं लेकरू आलं. दोन्ही हात वर, तोंड उघडं. पट्टीला आवाज नव्हता. लेकराचं तोंड प्रत्येक चौकटीत तसंच उघडं होतं, हाक निघतेय, निघतेय, आणि ऐकू काहीच येत नाही.

तेव्हा सत्यवतीला चंदाची हाक ऐकू आली. आत्ता नव्हे, मघाची. चक्कीच्या आवाजाच्या आधी, वळणावर, मागून आली होती ती. माय. मग पुन्हा, मोठ्यानं, माय. ती तिनं ऐकली होती. स्पष्ट ऐकली होती, चंदा दारातून रस्त्यावर आली आहे हेही त्या आवाजावरून कळलं होतं, आणि तिची मान आखडून दगड झाली होती. अजूनही खांद्यापासून कानापर्यंत दुखत होती. वळली असती तर एवढं लेकरू एकटं टाकून पुढं पाऊल पडलंच नसतं. म्हणून ती वळली नव्हती. त्यात प्रेम कमी होतं म्हणून नव्हे. सासू म्हणाली ते अर्धं खरं होतं: पाहणारी जात नाही. पण न पाहणारीला ऐकू येतं. सगळं ऐकू येतं, पाठीला कान फुटल्यासारखं. दिघोरीच्या पाळीवरही आलं असणार. पदरातून निसटलेली एखादी हाक तरी.

"आता येते पाहा, पाण्यातलं," डोमा म्हणाला. "सरकवू?"

"नको."

"एवढ्यासाठी आल्या अन् पाहत नाई?"

"पाह्यलं," सत्यवती म्हणाली आणि पट्टीचं टोक त्याच्या हातात दिलं.

ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, पुढच्या मुक्कामाला, बपेऱ्याला, पोचायला उशीर होतोय. पुढच्या सीटवर जागा होती. मैदानाच्या कडेला तुमसरची गाडी उभी होती, तिच्यातही जागा होती. कोणी विचारलं नसतं. अडवायला तर कोणीच नव्हतं. गेली काही वर्षं सगळं घर जे होईल म्हणून डोळ्यात तेल घालून बसलं होतं, ते इतकं सोपं होतं, बाजारातून मीठ आणण्याइतकं. आणि हे आजवर कधी आपल्या मनातही आलं नव्हतं, याचं तिला पहिल्यांदा हसू आलं आणि मग भीती वाटली. कारण आता ते मनात आलं होतं. आता ते जायचं नाही. ती थोडा वेळ तिथंच उभी राहिली. मग चंदा रस्त्यावर असेल या एकाच विचारानं ती वळली आणि जवळजवळ धावत घरी आली.

दारात सगळे होते. शकुनबाई बारशाहून आली होती, तिच्या हातात घुगऱ्यांचा पुडा. चंद्रभागाबाई रिकामं सूप घेऊन. टिकाराम दुकान उघडं टाकून आलेला, हाताला डाळीची भुकटी तशीच. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते, त्या तंबूतल्यासारखेच, आणि या वेळी मान खाली घालायचं तिला सुचलं नाही. टिकारामच्या डोळ्यांत पाणी होतं. तो फक्त "आली," एवढंच म्हणाला.

चंदा आजीच्या पायाला धरून उभी होती. गालावर मुरमुरा चिकटलेला, नाक वाहिलेलं. ती म्हणाली, "माय, मी हाका मारल्या. लय मारल्या. तुले आयकू नाई आल्या?"

नाही म्हणायला काय लागतं. चक्की चालू होती म्हणायचं. शकुनबाईसुद्धा त्याचीच वाट पाहत होती, तिनं मान तशी हलवलीही.

"आल्या व्हत्या," सत्यवती म्हणाली. "साऱ्या आयकू आल्या."

"मंग काहून नाई पाह्यलं?"

"पाह्यलं असतं तं जाताच आलं नसतं."

चंद्रभागाबाईच्या हातातलं सूप खाली आलं. शकुनबाईनं घुगऱ्यांचा पुडा टाकला, झटक्यात चंदाला जवळ ओढलं आणि तिचं तोंड आपल्या पदरात दाबून धरलं, जणू माय अजून जातच होती. पदरातून चंदाचं काहीतरी हुं हुं ऐकू येत होतं.

सत्यवती उंबरा चढून आत आली. सासूपुढं बसली आणि तो पदर हातानं बाजूला केला. शकुनबाईची बोटं घट्ट होती, एकेक सोडवावी लागली.

"तोंड नका झाकू तिचं, आई," ती म्हणाली. "पाहू द्या तिले."